ही रायफल खरंच युद्धातली आहे का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

नमस्कार मंडळी. यावेळच्या पत्रांमध्ये जुन्या लष्करी रायफलींचे प्रश्न इतके आले की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. बहुतेक पत्रं कॅनडा, अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातल्या आपल्या लोकांची आहेत, कारण तिकडे कायद्याने पहिल्या-दुसऱ्या महायुद्धातली रायफल घरी ठेवता येते आणि बऱ्याच जणांना तो छंद लागलाय. जवळपास सगळ्यांचा प्रश्न फिरून एकच: विकणारा सांगतो ते खरं का, आणि मागतोय ती किंमत बरोबर का. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. विकणाऱ्याची गोष्ट नंतर ऐका, आधी रायफल वाचा, तिच्या अंगावर सगळं लिहिलेलं असतं. आणि दुसरं, फौजेने स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बदललेला पार्ट आणि विकणाऱ्याने गॅरेजमध्ये बदललेला पार्ट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पहिला त्या रायफलीच्या इतिहासाचा भाग आहे आणि दुसरा तुमच्या खिशावर घातलेला डल्ला.

प्रश्न: आमच्या मिसिसागामध्ये एका घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथे ब्रिटिश फौजेची ली-एनफील्ड नंबर ४ रायफल दिसली, लॉन्ग ब्रांच १९४३ लिहिलंय, पण पुढचं लाकूड अर्धंच आहे. म्हातारे गृहस्थ हरणाच्या शिकारीला वापरायचे म्हणे. स्वस्तात देतायत. घेऊन पुन्हा मूळ रूपात आणता येईल का, आणि आणली तर किंमत वाढेल का?

तुम्ही राहता तिथून ही रायफल बनली ती जागा गाडीने थोड्याच अंतरावर आहे हे तुम्हाला माहीत आहे का? लॉन्ग ब्रांचचा स्मॉल आर्म्स कारखाना लेकशोअरवर होता, युद्धात तिथे मोठ्या संख्येने बायका कामाला होत्या, आणि त्यांची इन्स्पेक्शनची इमारत अजून उभी आहे, आता तिथे कलेचे कार्यक्रम होतात. एकदा जाऊन या, रायफल हातात घेताना वेगळं वाटेल.

आता मुद्द्याचं. या कारखान्याने नंबर ४ रायफली ९ लाखांहून जास्त बनवल्या, त्यामुळे १९४३ ची साधी लॉन्ग ब्रांच दुर्मिळ बिलकुल नाही. १९४१ ची असती तर गोष्ट वेगळी, त्या वर्षी उत्पादन नुकतंच सुरू होत होतं. युद्धानंतर या रायफली कॅनडात मातीमोल भावाने विकल्या गेल्या आणि लोकांनी वजन कमी करायला पुढचं लाकूड कापून, वरचे हॅंडगार्ड फेकून शिकारीला वापरल्या. अशा कापलेल्या रायफलीला सगळे स्पोर्टर म्हणतात. त्यात त्या आजोबांचा काही दोष नाही, तेव्हा ती काही संग्रहाची वस्तू नव्हती, घरात मटण आणायचं साधन होतं.

घ्यायच्या आधी चार जागा बघा. एक, नळी कापलीय का. पूर्ण नळी २५ इंचांच्या किंचित वर असते आणि टोकाला संगीन अडकवायचे छोटे खुंट असतात, ते शाबूत असतील तर नळी मूळ लांबीची आहे. दोन, रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट (गोळी आत ढकलणारा दांडा) ज्यात सरकतो त्या लोखंडी सांगाड्यावर, दुर्बीण बसवायला भोकं पाडलीत का. तीन, वरचा तो पूल, जिथे गोळ्यांची क्लिप अडकवतात, तो घासून काढलाय का. चार, डाव्या बाजूचं मार्किंग. लॉन्ग ब्रांचवर मॉडेल, कारखान्याचं नाव आणि साल असतं आणि सिरियल नंबरच्या मध्ये एल अक्षर येतं. तोच नंबर बोल्टच्या दांड्याच्या मागच्या बाजूला असायला हवा. तुमची बहुधा मार्क १ स्टार असणार, त्यात बोल्ट बाहेर काढायला उजव्या रेलमध्ये एक खाच असते, तिथला कोपरा टवका उडून तुटलेला असतो बऱ्याचदा, बोट फिरवून बघा, आणि तुटला असेल तर सोडून द्या. आणि नळीत डोकावल्यावर आत फक्त दोनच खोबणी दिसल्या तर घाबरू नका, युद्धात काम लवकर व्हावं म्हणून पाचऐवजी दोन खोबणींच्या नळ्या मुद्दाम बनवल्या होत्या आणि त्या चांगल्या चालतात.

या चारही जागा ठीक असतील तर लाकूड आणि ते नळीला बांधणारे बॅंड शोधून तिला पूर्ण करता येते आणि मी म्हणेन जरूर करा. फक्त पार्ट घेताना त्यावर लॉन्ग ब्रांचचा एलबी शिक्का बघून घ्या, चौकोनात एस असलेले पार्ट अमेरिकेतल्या सॅव्हेजचे असतात आणि इंग्लंडच्या कारखान्यांचे आणखी वेगळे. किंमत मात्र न कापलेल्या रायफलीइतकी कधीच होणार नाही, लाकूड आणि पार्ट धरून तुमचा खर्च कदाचित न कापलेली घेण्याइतकाच होईल. स्वतःच्या आनंदासाठी करा, नफ्यासाठी नको. आणि पुढे कधी विकलीत तर लाकूड नंतर बसवलंय हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगा, यात काहीच कमीपणा नाही. भोकं पाडलेली किंवा नळी कापलेली असेल तर ती आहे तशीच राहू द्या, शिकारीची रायफल म्हणून तिची स्वतःची एक गंमत आहे.

प्रश्न: न्यू जर्सीत राहतो. एका गन शोमध्ये अमेरिकन फौजेची एम१ गॅरंड रायफल बघितली, पाटीवर "दुसरं महायुद्ध, ऑल मॅचिंग नंबर्स" असं लिहिलंय आणि भाव नेहमीच्या दुप्पट. दादा, घेऊ का?

थांबा. गॅरंडवर सिरियल नंबर फक्त रिसीव्हरवर असतो, मागच्या टाचेवर. बोल्टवर, ट्रिगरच्या हाउसिंगवर, ऑपरेटिंग रॉडवर (बोल्ट मागे-पुढे करणारा बाहेरचा दांडा) जे आकडे दिसतात ते ड्रॉइंग नंबर आहेत, म्हणजे त्या पार्टच्या नकाशाचा नंबर, एकाच काळातल्या हजारो रायफलींवर तोच. त्यामुळे जर्मन किंवा ब्रिटिश रायफलीत मॅचिंग, म्हणजे सगळ्या पार्टांवर एकच नंबर, म्हणतात तसं गॅरंडमध्ये काही नसतंच. पाटी लिहिणाऱ्याला एक तर हे माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नसेल असं त्याने धरलंय, दोन्हीपैकी काहीही असलं तरी दुप्पट भाव द्यायचं कारण नाही.

मग मूळ रायफल ओळखायची कशी, तर काळ जुळवायचा. ऑपरेटिंग रॉड मागे ओढलात की नळीच्या उजव्या बाजूला महिना आणि साल दिसतं, समजा ५-४३. मग लाकडाच्या डाव्या बाजूला तपासणीचा शिक्का बघा, कलेक्टर लोक त्याला कार्टूश म्हणतात. स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या प्रमुखाची आद्याक्षरं त्यात असतात आणि प्रमुख बदलला की अक्षरं बदलतात. १९४० ते ४२ च्या मध्यापर्यंत जीएचएस, मग १९४३ च्या जुलैपर्यंत ईएमसीएफ, त्यानंतर १९४४ च्या ऑक्टोबरपर्यंत जीएडब्ल्यू, आणि शेवटी एनएफआर. आता मे १९४३ ची नळी आणि लाकडावर एनएफआर असेल तर ते लाकूड दुसऱ्या रायफलीचं आहे, साधा हिशोब. विंचेस्टरची असेल तर डब्ल्यूआरए आणि जीएचडी. विंचेस्टरने युद्धात ५ लाखांच्या थोड्या वर गॅरंड बनवल्या, स्प्रिंगफील्डच्या मानाने खूपच कमी, म्हणून तिला भाव जास्त आणि म्हणूनच तिच्यात बनवाबनवीही जास्त.

आता कार्टूश खोटा मारता येतो आणि मारतातही, नवीन शिक्के बनवून मिळतात. इथे डोळा लागतो. लाकडावर कित्येक वर्षांचे पोचे आणि ओरखडे असतात, ते शिक्क्याच्या आधीचे की नंतरचे हे भिंगाखाली बघा. खऱ्या रायफलीत शिक्का आधी बसला आणि पोचे नंतर आले, त्यामुळे ओरखडा शिक्क्याच्या रेषेला छेदून जातो, रेषा तिथे दबलेली किंवा तुटलेली दिसते. शिक्क्याची रेषा जर जुन्या पोच्याच्या तळाशी उतरून स्वच्छ पुढे जात असेल तर शिक्का पोच्यापेक्षा नवा आहे, म्हणजे तुमच्यासमोरच्या माणसाने किंवा त्याच्या आधीच्या कोणीतरी मारलाय. कडाही बघा, जुन्या शिक्क्याच्या कडा तेलाने आणि हात लागून गोल झालेल्या असतात आणि तळाशी काळपट मळ बसलेला असतो. लाकूड रंधलेलं किंवा सॅंडपेपरने घासलेलं असेल तर बटच्या (खांद्याला टेकायच्या लाकडी भागाच्या) मागची लोखंडी पट्टी लाकडापेक्षा किंचित वर आलेली लागते, नखाने कळतं. लाकूड घासलेलं आणि शिक्का मात्र खोल आणि टवटवीत, हे एकत्र शक्यच नाही.

आणखी दोन गोष्टी. युद्धानंतर अमेरिकन फौजेने जवळपास सगळ्या गॅरंड पुन्हा खोलून दुरुस्त केल्या. मागच्या साइटचा, म्हणजे नेम धरायच्या भागाचा, जुना लॉक-बार प्रकार काढून नवा बसवला, आणि ऑपरेटिंग रॉडला कोपऱ्यात तडे जायचे म्हणून तिथे गोलाई कापली. म्हणून न कापलेला रॉड आणि लॉक-बार साइट ज्या रायफलीत आहे तिला लोक दामदुप्पट देतात. आणि म्हणूनच हे पार्ट सुटे विकत घेऊन साध्या रायफलीवर चढवतात. दुरुस्तीच्या डेपोचे शिक्के लाकडावर असतात, रॉक आयलंडचा आरआयए, रेड रिव्हरचा आरआरए वगैरे. असा शिक्का असलेली रायफल मला स्वतःला फार आवडते, ती युद्धात वापरली गेली, परत आली, फौजेने नीट केली, कदाचित पुन्हा कोरियाला गेली. तिची किंमत कमी असते पण तिच्यात खोटं काही नसतं. पहिल्यांदाच घेत असाल तर गन शो सोडा, सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅमकडून अर्ज करून घ्या, ते लोक सरकारी साठ्यातल्या विकतात आणि ग्रेड खरा सांगतात, सोबत सर्टिफिकेटही मिळतं.

प्रश्न: माझे आजोबा मराठा पलटणीत होते, इटलीत लढले. साताऱ्याला घरी त्यांची मेडलं आणि पे-बुक आहे. परदेशातल्या एका विक्रेत्याने "मराठा रेजिमेंटची रायफल" म्हणून फोटो टाकलेत, बटवर पितळी चकती आहे आणि त्यावर रेजिमेंटची अक्षरं. भावनिक किंमत आहे म्हणून घ्यावीशी वाटते. काका, भारतात आणता येईल का?

आधी सरळ उत्तर देतो, नाही. या रायफलीची गोळी थ्री नॉट थ्री, आणि तो आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर आहे, साध्या लायसन्सवर ती खासगी माणसाला मिळत नाही. ज्यांनी एनसीसीत किंवा पोलिसात ती चालवली त्यांनाही घरी ठेवता येत नाही. बाहेरून पार्सल मागवायचा विचारसुद्धा मनात आणू नका, कुठे अडकाल सांगता येणार नाही. "डीअ‍ॅक्टिव्हेटेड (गोळी झाडता येऊ नये अशी केलेली) आहे, चालतं" असं विक्रेता म्हणाला तर ते त्याच्या देशातलं चालतं, आपल्याकडचं नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरात वडिलांच्या नावावरची लायसन्सची बंदूक असेल आणि ते वारले असतील तर तीसुद्धा तशीच कपाटात ठेवू नका, आधी पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सधारक डीलरकडे जमा करा आणि मग वारस म्हणून अर्ज करा.

आता चकतीबद्दल. नंबर ४ च्या आधीच्या जुन्या ली-एनफील्डच्या, म्हणजे एसएमएलई रायफलींच्या बटच्या उजव्या बाजूला पितळी चकती असायची आणि त्यावर पलटण, नंबर ठोकायचे हे खरं आहे. पण पहिल्या महायुद्धातच काम वाचवायला ती चकती लावणं कमी केलं. आणि ती बसते एका स्क्रूवर. एक स्क्रू काढला की दुसरी चकती, पाच मिनिटांचं काम. शिवाय पितळेवर अक्षरं ठोकायला काही कारखाना लागत नाही. त्यामुळे चकतीवरच्या अक्षरांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये असं माझं ठाम मत आहे, जोपर्यंत चकतीच्या खालचं लाकूड, तिच्याभोवतीची मळाची कडा आणि बटच्या इतर खुणा सगळ्या एकच सांगत नाहीत.

आणि समजा चकती खरी असली तरी ती आजोबांची रायफल कशी ठरते? फौजेत ज्याने हे जगलंय त्याला विचारा, रायफल कोतीत, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, जमा व्हायची, ड्यूटीला मिळायची, जखमी झाला, बदली झाली, की नंबर बदलला. एका जवानाच्या हातून अनेक रायफली गेल्या आणि एका रायफलीवर अनेक हात. इटलीत आपल्या पलटणीच्या यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ च्या लढाईसाठी आणि नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधल्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्या दोघांच्याही सन्मानपत्रात टॉमी गन आणि ग्रेनेडचा उल्लेख आहे, म्हणजे आजोबांच्या हातात तरी त्या दिवशी कोणतं हत्यार होतं हे कोण सांगणार. पे-बुक नीट उघडून बघा, कुठे हत्याराच्या नंबरची नोंद असेल तर तेवढाच एक धागा. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस आहे, तिथे आजोबांचा नंबर, हुद्दा, बटालियन देऊन पत्र पाठवा, सर्व्हिसची माहिती मिळाली तर ती त्या फोटोतल्या रायफलीपेक्षा कितीतरी मोलाची. रेजिमेंटल सेंटरचं म्युझियमही बेळगावलाच आहे, परवानगी काढून घरच्या सगळ्यांना घेऊन जा. आणि मेडलं पॉलिश करू नका, रिबनी धुवू नका, पे-बुक प्लास्टिकमध्ये लॅमिनेट तर मुळीच नको.

प्रश्न: अमेरिकेत एका वेबसाइटवरून "वर्ल्ड वॉर टू इंडियन आर्मी एनफील्ड" घेतली. तिच्यावर आरएफआय, सिंहाचं चिन्ह आणि १९६६ आहे. मित्र हसतायत. फसलो का?

महायुद्ध १९४५ ला संपलं आणि तुमची रायफल १९६६ ची, त्यामुळे जाहिरात चुकीची आहे यात वाद नाही, पैसे परत मागायचा हक्क आहे तुमचा. पण रायफल वाईट आहे असं बिलकुल समजू नका. १९६२ च्या चीन युद्धानंतर आपल्याकडे चांगल्या रायफली भराभर हव्या होत्या आणि बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्याने (तोच तुमचा आरएफआय) जुन्या एसएमएलईच्याच आराखड्यात चांगलं पोलाद वापरून ७.६२ मिमी गोळीची २ए आणि मग २ए१ बनवली. मॅगझिन खोल आणि चौकोनी, १२ गोळ्यांचं, आणि २ए१ ची मागची साइट २००० ऐवजी ८०० पर्यंतच्या अंतराची. युद्धातली इशापूर ओळखायची तर बटच्या मानेवर मुकुट, त्याखाली जीआरआय, मग इशापूर आणि साल, आणि मॉडेल मार्क ३ स्टार. जीआरच्या पुढचा तो आय म्हणजे इम्परेटर, हिंदुस्थानचा सम्राट, फक्त आपल्या कारखान्यात ठोकायचे. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले.

इशापूरच्या रायफलीत पुढच्या लाकडातून आडवा एक स्क्रू आरपार दिसतो, लाकूड फाटू नये म्हणून घातलेला. परदेशी लोक तो बघून "कोणीतरी वाट लावली" असं लिहितात, तो कारखान्याचाच आहे, लाकूड बदलू नका. नळीभोवती तांब्याची तार गुंडाळलेली रायफल मिळाली तर ती ग्रेनेड फेकायला वापरायचे, नळी फुटली तर आवरावी म्हणून तार. आणि डीपी शिक्का दिसला तर ती ड्रिलसाठी बाद केलेली आहे, कितीही सुंदर दिसली तरी तिच्यातून गोळी झाडायची नाही.

प्रश्न: इंग्लंडमधून. नंबर ४ टी स्नायपर, दुर्बिणीसकट, आयुष्यभराची हौस. भाव ऐकून पोटात गोळा आला. खरी कशी ओळखू?

पोटात गोळा यायलाच हवा, ली-एनफील्डमध्ये सगळ्यात जास्त बनावट याच मॉडेलमध्ये होते. कारखान्यात चाचणीत अचूक ठरलेल्या रायफली निवडून बहुतेक हॉलंड अँड हॉलंडकडे पाठवत, ते तिच्यावर दुर्बिणीचे पॅड बसवून, गालाला टेकायचं लाकूड लावून द्यायचे. म्हणजे साधी नंबर ४ घेऊन, पॅड बसवून, गालाचं लाकूड स्क्रूने लावलं की दिसायला टी तयार.

पण खुणा सगळ्या एकत्र जुळवणं अवघड असतं. टीआर हा शिक्का, रिसीव्हरच्या डाव्या बाजूला टी, बटच्या खालच्या बाजूला हॉलंडचा एस ५१. दुर्बिणीच्या ब्रॅकेटवर रायफलीचा सिरियल नंबर. आणि दुर्बिणीचा नंबर लाकडावर, बटच्या मानेच्या वरच्या भागात ठोकलेला, कारण दुर्बीण त्या एकाच रायफलीची असायची. लाकडावर एक नंबर आणि समोर दुसऱ्याच नंबरची दुर्बीण असेल तर बहुतेक वेळा फौजेत असतानाच बदललीय, जुना नंबर काट मारून नवा टाकलेलाही सापडतो, किंमत थोडी उतरते पण रायफल खरी राहते. मागच्या साइटमधली जवळच्या अंतराची भोकाची पट्टी दुर्बिणीला अडायची म्हणून घासून काढलेली असते, ती शाबूत असेल तर मान हलवून निघून या. पॅडच्या कडेला ब्लुइंग (लोखंडावरचा निळा-काळा थर) किंवा रंग आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळा दिसत असेल तरी तेच. डीअ‍ॅक्टिव्हेटेड घेत असाल तर बंदुका तपासणाऱ्या प्रूफ हाउसचं सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा नंबर स्वतः जुळवा, चालणारी हवी असेल तर फायरआर्म सर्टिफिकेट आधी, सौदा नंतर. फोटोवरून ही रायफल घेऊ नका, कितीही प्रवास करावा लागला तरी हातात घेऊन बघा.

प्रश्न: टेक्सासमध्ये जर्मन माउझर ९८के घ्यायचीय. एक स्वस्त, एक चौपट महाग. दोघी १९४४ च्या, दोघींवर बीवायएफ. एवढा फरक का?

बीवायएफ म्हणजे ओबर्नडॉर्फचा माउझर कारखाना, ते ठीक. स्वस्तवाली बहुधा रशियनांनी पकडलेली आहे. लाखो जर्मन रायफली सोव्हिएत डेपोत खोलून, भिजवून, साफ करून, हाताला लागेल तो पार्ट हाताला लागेल त्या रायफलीत घालून पेटीबंद ठेवल्या. लाकडावर लालसर शेलॅक (लाखेचं पॉलिश), रिसीव्हरवर छोटा एक्स, आणि बोल्टवरचा मूळ नंबर वेगळा असून त्यावर इलेक्ट्रिक पेन्सिलने रिसीव्हरचा नंबर खरडलेला. महागवाली मात्र एखाद्या अमेरिकन सैनिकाने घरी आणलेली असेल, सगळ्या पार्टांवर कारखान्याने ठोकलेला तोच नंबर, आणि १९६८ नंतरच्या आयातीला लागतं तसं इम्पोर्टरचं नाव कुठे कोरलेलं नाही. जुनी चेतक घेताना आपण इंजिन आणि चेसिसचा नंबर जुळवतो तसंच, फक्त इथे बऱ्याच जागा आहेत: बोल्ट, सेफ्टी, मागची साइट, बॅंड, ट्रिगर गार्ड. पुढच्या बॅंडखाली लाकूड कापून परत जोडलेलं दिसलं तर आनंद माना, सैनिकाने डफल बॅगेत मावावी म्हणून कापलंय, घरी आणल्याची ती चांगली खूण आहे.

चौपट दर बघून लोकांना मोह होतो आणि ते रशियन रायफलीचे खरडलेले नंबर घासून नवे ठोकतात. आकड्याच्या कडेला बघा. जुना ठोकलेला आकडा धातूला बाजूला ढकलतो, कडेला बारीक उंचवटा राहतो आणि ब्लुइंग आकड्याच्या आतही तेवढंच जुनं, झिजलेलं असतं. घासलेली जागा प्रकाशात तिरकी धरली की सपाट खोलगट लाट दिसते आणि आकड्याचा तळ चमकतो किंवा एकदम काळा, नवा. हिटलरच्या एसएस दलाच्या खुणा असलेली म्हणून कोणी आणखी पैसे मागितले तर माझा सल्ला आहे की चर्चाच थांबवा, त्या खुणांची बनावट सगळ्यात जास्त आहे आणि त्या खुणेला जास्त पैसे द्यावेत असं मला मुळातच वाटत नाही.

प्रश्न: सिडनीहून. लिथगोची एसएमएलई, बटच्या मानेवर १९१८, नळीवर १९४२. बनावट?

नाही. पहिल्या युद्धातली रायफल दुसऱ्या युद्धाआधी किंवा युद्धात फौजेनेच पुन्हा नळी घालून काढलेली आहे, ऑस्ट्रेलियात असं खूप सापडतं. लाकूड बघा, जुनं क्वीन्सलॅंड मेपल आणि नंतरचं कोचवुड, तुमच्यात दोन्ही एकत्र असेल तरी आश्चर्य नाही. घ्या. आणि जमलं तर लिथगोचं म्युझियम बघून या, जुन्या कारखान्याच्याच आवारात आहे.

प्रश्न: रायफल घेतली, मूळ आहे हे नक्की झालं. लाकूड कोरडं आणि काळं पडलंय, पॉलिश मारून चमकवू का? आणि विकायची वेळ आली तर भाव कसा ठरवू?

पॉलिश नको, सॅंडपेपर नको, नवं ब्लुइंग नको. लाकडाला कच्चं जवसाचं तेल हातावर दोन-चार थेंब घेऊन चोळा, एक दिवस थांबा, सुती फडक्याने पुसून घ्या, बस. धातूवर गंज असेल तर साधं तेल आणि मऊ फडकं, तांबूस थर उतरला की थांबा, खालचा करडा डाग तसाच राहू द्या. जुन्या गोळ्या झाडल्या असतील तर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवा, नुसत्या तेलाने भागत नाही, त्या जुन्या प्राइमरमधलं मीठ नळी खातं.

भावासाठी लोक काय मागतायत ते बघू नका, लिलावात प्रत्यक्षात किती रुपयाला, डॉलरला गेली ते बघा, झालेल्या विक्रीचे आकडे लिलाववाल्यांच्या साइटवर मिळतात. तेच मॉडेल, तोच कारखाना, तेच साल, नंबर जुळलेली आणि न जुळलेली वेगवेगळी धरा, नळीची अवस्था धरा. आणि विकायच्या आधी सगळ्या शिक्क्यांचे, नंबरांचे उन्हात फोटो काढा, कुठला पार्ट बदललाय ते स्वतःहून लिहा. खरेदीची पावती, आधीच्या मालकाचं पत्र, सैनिकाने आणली असेल तर ती आणायची परवानगीची चिठ्ठी, हे सगळं एका फाइलमध्ये रायफलीसोबत द्या. ती चिठ्ठी मूळ असेल आणि तिच्यावर नंबर लिहिलेला असेल तर त्या एका कागदाने किंमत बऱ्यापैकी वर जाते, म्हणून बॅंकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि घेणाऱ्याला आधी नुसता फोटो दाखवा.